पावसाळी हिवाळ्याचे बारमाही टायर

टायरच्या जाहिरातीतला हिवाळा नेहमी पांढराशुभ्र असतो. दोन्ही बाजूंना बर्फाने वाकलेली झाडं आणि मधून ऐटीत वळण घेणारी गाडी. पण कितीतरी मुलखांत हिवाळा असा येतच नाही. अटलांटिकला लागून असलेला पश्चिम युरोप घ्या, ब्रिटिश बेटं घ्या किंवा उत्तर अमेरिकेचा वायव्येकडचा पॅसिफिक किनारा घ्या. तिथला हिवाळा करड्या रंगाचा असतो. पारा दोन ते दहा अंशांमध्ये रेंगाळतो. आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही. रस्ता सकाळी ओला, दुपारी ओला, आणि रात्री समोरच्या गाड्यांच्या दिव्यांत तर जास्तच ओला. बर्फ पडलाच तर वर्षाकाठी थोडे दिवस, तोही दुपारपर्यंत राड होऊन गटारात वाहून जातो. पहाटे एखाद्या पुलावर मात्र पाण्याची काच झालेली असते, आणि ती दिसत नाही.

खऱ्या बर्फाळ प्रदेशातल्या माणसाला टायरच्या बाबतीत फारसं डोकं चालवावं लागत नाही. हिवाळ्याचे चार वेगळे, उन्हाळ्याचे चार वेगळे, वर्षातून दोनदा अदलाबदल. कायम उन्हाच्या प्रदेशातल्या माणसालाही नाही. पंचाईत होते ती अधल्यामधल्या हवेत राहणाऱ्याची. त्याच्या सोयीचा जो पर्याय आहे, म्हणजे बारा महिने चालणारा टायर, त्याच्यावर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हा शिक्का कधीचाच बसलेला आहे. एके काळी तो शिक्का बरोबर होता. आज तो निम्माच खरा आहे, आणि कुठला निम्मा खरा हे कळल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नये.

आधी रबराचं बघू. ट्रेडचं, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार थराचं, रबर म्हणजे नैसर्गिक आणि कृत्रिम रबर, काजळी, सिलिका, तेलं, राळ, गंधक यांचं मिश्रण, आणि प्रत्येक मिश्रणाचा आपला एक स्वभाव. रस्त्यावरच्या खडीला बारीक बारीक कंगोरे असतात. रबर क्षणभर त्या कंगोऱ्यांभोवती बसतं, दबतं, आणि सुटताना ऊर्जा खातं. पकड म्हणतात ती बरीचशी हीच. थंडीत रबर आखडलं की ते कंगोऱ्यांत उतरत नाही, वरूनच सरकतं. उन्हाळी टायरचं मिश्रण साधारण ७ अंशांच्या खाली आखडायला लागतं असं सांगतात. हा आकडा लोक देववाणीसारखा उच्चारतात. पण सात अंशांवर काही लक्ष्मणरेषा आखलेली नाही. रबर हळूहळू कडक होत जातं, आणि किती लवकर ते मिश्रणावर ठरतं. पाच-सहा अंशांना, नुसत्या ओल्या डांबरावर, चांगला उन्हाळी टायर सुमार दर्जाच्या हिवाळी टायरपेक्षा लवकर थांबू शकतो. तेव्हा ‘सात अंश झाले, उन्हाळी टायर काढा’ हा नियम म्हणून ठीक, विज्ञान म्हणून ढोबळ. रस्ता शून्याच्या जवळ आला, वर दव गोठलं किंवा बर्फाचा पातळ थर बसला, की मात्र उन्हाळी टायरचा निकाल लागतो. तिथे फरक दोन-तीन मीटरचा उरत नाही, गाडी चढावर हलेल की नाही इथवर जातो.

हिवाळी टायरचं दुखणं उलटं. त्याचं मिश्रण थंडीत लवचीक राहावं म्हणून बनवलेलं, त्यामुळे पंचवीस-तीस अंशांच्या कोरड्या रस्त्यावर ते फारच मऊ पडतं. ब्रेक दाबला की ट्रेडचे ठोकळे, म्हणजे चरांमधले रबराचे उंच तुकडे, मुडपतात, थांबायला जास्त अंतर लागतं, आणि रबर झपाट्याने घासलं जातं. जिथे हिवाळ्यातही पारा बहुधा सात-आठ अंशांवर असतो, तिथे अस्सल हिवाळी टायर हिवाळ्यातसुद्धा अर्धा वेळ चुकीच्या तापमानात धावत असतो. बारमाही टायरची बाजू इथे भक्कम होते. त्याचं मिश्रण ज्या पट्ट्यात सगळ्यात बरं वागतं, तोच हा पट्टा.

मात्र ‘ऑल-सीझन’ या शब्दावर विसंबू नये. १९७७ साली गुडइयरने अमेरिकेत ‘टिएम्पो’ हा टायर ऑल-सीझन म्हणून आणला आणि तिकडे हा शब्द रुळला. पुढे अमेरिकेत त्याचा अर्थ सैलावत गेला. कोरडं, पाऊस, जमलंच तर हलका बर्फ, असा साधा रोजचा टायर म्हणजे ऑल-सीझन. त्यातल्या पुष्कळांची बर्फावर काही कसोटीच लागलेली नसते. युरोपातले बारमाही टायर बरेचसे हिवाळी टायरच्या घराण्यातून आले. २०१५ मध्ये मिशेलिनने ‘क्रॉसक्लायमेट’ आणला तो दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे उन्हाळी टायर धरून त्याला बर्फाची मान्यता मिळवून दिली. हल्ली अमेरिकेत बर्फाची कसोटी पार केलेल्या बारमाही टायरला ‘ऑल-वेदर’ म्हणतात. म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ आणि एकाच वस्तूला दोन शब्द. दुकानातल्या पाटीवर काय लिहिलंय ते सोडून द्यावं आणि टायरच्या बाजूवर काय कोरलंय ते वाचावं.

बाजूवर दोन खुणा शोधायच्या. पहिली ‘एम+एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ. ही खूण बनवणारा स्वतःच लावतो. ट्रेडची नक्षी जरा मोकळी असली की झालं, त्यामागे सक्तीची चाचणी नसते. दुसरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाचा कण. ही फुकट मिळत नाही. ठरवून दिलेल्या संदर्भ टायरपेक्षा दाबलेल्या बर्फावर ठरावीक प्रमाणात जास्त पकड दाखवावी लागते, तेव्हा ती मिळते. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर गाडी काढायची तर आता हीच खूण लागते. नुसत्या एम+एसला दिलेली मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या डोंगरी रस्त्यांवर अजून दोन्ही चालतात, पण ट्रेड किमान ३.५ मिमी हवा. ऑस्ट्रियात ४ मिमीच्या खाली गेलेला रेडियल टायर हिवाळी धरतच नाहीत. हा ४ मिमीचा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

डोंगराची खूण नसलेला टायर बारमाही म्हणून घेऊ नये, एवढं ठामपणे सांगता येतं. पण ती खूण दिसली म्हणून काम झालं असंही नाही. तिची कसोटी बर्फावर पुढे ओढण्याची किंवा थांबण्याची आहे. वळणावर टायर कसा धरतो, काचेसारख्या गोठलेल्या थरावर काय करतो, आणि मुख्य म्हणजे ओल्या रस्त्यावर काय करतो, यातलं काही ती सांगत नाही. आपल्या प्रश्नातला हिवाळा तर पाण्याचा आहे. लोक बर्फाच्या भीतीने टायर निवडतात आणि पावसात घसरतात.

आता पाण्याकडे नीट बघू. साधारण गाडीच्या एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. १४०० किलोची गाडी, चार चाकांवर सारखं वजन आणि हवेचा दाब २.३ बार धरला तर हिशेब दीडशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतो. समजा हा तळहात १६ सेंमी रुंद आहे, रस्त्यावर ३ मिमी पाणी साचलंय आणि गाडी ताशी ८० किमीने चालली आहे. एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढे जाते, म्हणजे त्या एका टायरला दर सेकंदाला दहा लिटरहून जास्त पाणी वाटेतून हटवावं लागतं. दर सेकंदाला एक बादली. ती बादली जायची कुठून? ट्रेडमधल्या चरांतून, नाहीतर बाजूला फेकली जाऊन. दोन्ही वाटा अपुऱ्या पडल्या की पाण्याची पाचर टायरच्या पोटाखाली शिरते आणि टायर रस्ता सोडतो. याला ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, इंजिनचा आवाज चढतो, आणि गाडी जिकडे चालली होती तिकडेच जात राहते. अशा वेळी पाय हळू उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही.

नासाच्या लँग्ली केंद्रात १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर यासंबंधी प्रयोग झाले. त्यातून निघालेलं सूत्र फार सोपं आहे. टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच) घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, साधारण १६.७ ने गुणा. टायर पाण्यावर तरंगण्याचा ताशी किलोमीटरमधला वेग मिळतो. ३६ पीएसआयला १००. २५ पीएसआयला ८३. हे गणित ट्रेडला न पेलणाऱ्या साचलेल्या पाण्याचं आहे. मोटारीच्या रुंद, झिजलेल्या टायरला ते याहून कमी वेगालाही गाठतं आणि भरपूर ट्रेड असलेला टायर पातळ पाण्यात याच्या पुढेही निभावतो. पण दिशा स्पष्ट आहे. हवा कमी झाली की तरंगण्याचा वेग खाली येतो, आणि हे कुठल्याही टायरला लागू आहे.

युरोपातल्या टायरवर लेबल असतं. त्याचं आताचं रूप मे २०२१ पासूनचं: इंधन आणि ओली पकड यांना ए ते ई अशी अक्षरं, आवाज डेसिबलमध्ये, शिवाय बर्फाची मान्यता असेल तर डोंगराचं चित्र. ओल्या पकडीचं अक्षर ठरतं ते पाण्याच्या पातळ थरावर ८० वरून २० पर्यंत ब्रेक लावून, आणि टायर नवा असताना. म्हणजे हे अक्षर ॲक्वाप्लेनिंगबद्दल चकार शब्द काढत नाही. पातळ थरावरची पकड मिश्रणातून येते, साचलेलं पाणी हटवण्याची ताकद चरांतून. एक टायर पहिल्यात पहिला आणि दुसऱ्यात शेवटचा येऊ शकतो. लेबलावर बी दर्जाच्या खालचा बारमाही टायर घेऊ नये असं माझं मत, आणि त्यापुढे ॲक्वाप्लेनिंगसाठी स्वतंत्र चाचण्यांचे निकाल बघावेत. तिथे सरळ रस्त्यावर टायर किती वेगाला तरंगला आणि वळणावर पकड किती उरली, असे दोन वेगळे आकडे दिलेले असतात.

अक्षरांमधला फरक कागदावर किरकोळ वाटतो म्हणून एक हिशेब मांडतो. ताशी ८० ला ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.७ मिळाला तर गाडी साधारण ३६ मीटरमध्ये थांबते. ०.६ मिळाला तर ४२ मीटर लागतात. सहा मीटर म्हणजे दीड गाडी, असं म्हणून आपण पुढे जातो. पण पहिली गाडी जिथे उभी राहिली, त्याच जागी दुसरी गाडी अजून ताशी ३० किमीने धावत असते. ब्रेक लावताना वेगाचा मोठा हिस्सा शेवटच्या काही मीटरमध्येच उतरतो, त्यामुळे शेवटचे सहा मीटर पहिल्या सहासारखे नसतात. समोर कोणी रस्ता ओलांडत असेल तर हा फरक अंतराचा राहत नाही.

नवीन टायर पावसात सगळेच बरे असतात. आठ-साडेआठ मिमी चर, धारदार कडा, ताजं रबर. आपण मात्र टायर काही वर्षं वापरणार, आणि त्यातली अर्धी वर्षं तो चार-पाच मिमीवर चालणार. विकत घेतो तो नवा टायर, पावसात भेटतो तो अर्धा झिजलेला. म्हणून दुकानात ट्रेडचा पृष्ठभाग बघून भुलू नये, आत बघावं. मोबाईलचा दिवा लावा आणि एका ठोकळ्यावर लक्ष द्या. ठोकळ्यावर केसाएवढ्या बारीक चिरा दिसतील. चर पाण्याचा लोंढा वाहून नेतात. या चिरांचं काम वेगळं. उरलेला पातळ थर त्या कापतात, आणि बर्फावर प्रत्येक चिरेची कड चावा घेते. अंगठ्याने ठोकळा एका बाजूला रेटा. चीर उघडली की तिची आतली भिंत दिसते. काहींची भिंत सरळ, काहींची नागमोडी किंवा दातेरी. दातेरी भिंती ब्रेकच्या वेळी एकमेकींत अडकतात आणि ठोकळ्याला मुडपू देत नाहीत. उन्हाळ्यात कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागायला ही युक्ती कामी येते. आता चीर कुठवर खोल जाते ते बघा. चराच्या तळाजवळ पोचते की निम्म्यातच संपते? निम्म्यात संपणारी चीर टायर चार मिमीवर आला की नाहीशी होते, आणि उरतो तो नुसता चर असलेला गुळगुळीत ठोकळा. दिसायला टायर अजून बरा, कायद्यालाही मान्य, पण त्याचा हिवाळा संपलेला.

चराचा आडवा छेदही तसाच बघावा. काहींचा चर वर रुंद आणि खाली निमुळता असतो. असा टायर निम्मा झिजला की पाणी मावायची जागा निम्म्याहूनही कमी उरते. उभ्या भिंतींचा चर शेवटपर्यंत प्रामाणिक राहतो. हे डोळ्यांनी दिसतं, त्याला चाचणी लागत नाही. उशिरा का होईना, नियमांनीही याची दखल घेतली आहे: जुलै २०२४ पासून युरोपात मान्यतेसाठी येणाऱ्या मोटारीच्या नव्या टायर-प्रकारांना झिजलेल्या अवस्थेतली ओली पकडही दाखवावी लागते. लेबलावरचं अक्षर मात्र अजून नव्या टायरचंच असतं.

नक्षीचे दोन मोठे पंथ. एक बाणासारखा, मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना तिरपे चर फुटलेला. पाणी मधून उचलून बाहेर फेकायला आणि बर्फात खणायला हा चांगला. त्याच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. उलटा बसवला तर चर पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी मध्ये ओढतात. स्टेपनी अशा टायरची असेल तर गाडीच्या एकाच बाजूला ती बरोबर बसणार. दुसऱ्या बाजूला लावायची वेळ आली तर पावसात वेग आवरूनच जायचं. दुसरा पंथ असममित: बाहेरची कड भरीव, आतली मोकळी, आणि बाजूवर ‘बाहेर’ अशा अर्थाचा शब्द कोरलेला. हा वळणावर जास्त ठाम, चालायला शांत, आणि डावी-उजवी अदलाबदल करता येण्याजोगा. जिथे बर्फ नावापुरता आणि वेगाचे मोठे रस्ते जास्त, तिथे मी असममितकडे झुकेन. जिथे वर्षातून चार दिवस का होईना चढ चढून घरी पोचायचंय, तिथे बाण.

मापाबद्दल थोडक्यात. २०५/५५ आर १६ ९१ व्ही म्हणजे २०५ मिमी रुंदी, तिच्या ५५ टक्के उंचीची बाजू, रेडियल, १६ इंची रिम, टायरमागे ६१५ किलो भार आणि कमाल ताशी २४० किमी. दरवाज्याच्या खांबावरच्या पट्टीत जे लिहिलंय त्याच्या खाली भारांक, म्हणजे इथला ९१ हा आकडा, न्यायचा नाही. मात्र कारखान्याने एकाच गाडीला दोन-तीन मापं मान्य केलेली असतील तर पावसाळी हवेसाठी त्यातलं अरुंद, लहान रिमचं माप घ्यावं. रुंद टायर म्हणजे जास्त पकड हा समज कोरड्या रस्त्यावरचा. पाण्यात रुंद टायरला जास्त पाणी हटवावं लागतं आणि तो लवकर तरंगतो. १८ इंची रिम दिसायला झकास, हे कबूल. खड्ड्यात ती वाकते, हेही कबूल करावं.

बारमाही टायर कोणी घेऊ नये? ज्याचा उन्हाळा महिनोन्‌महिने पस्तिशीच्या वर असतो आणि गाडी जड नि जोरकस आहे, त्याने नाही. तापलेल्या कोरड्या रस्त्यावर चांगल्या उन्हाळी टायरपेक्षा हा काही मीटर पुढे जाऊन थांबतो. चिंध्यांच्या शिक्क्याचा खरा उरलेला निम्मा भाग तो हाच. दर आठवड्याला घाट चढून बर्फात जाणाऱ्याने नाही. विजेवरच्या गाडीवाल्यानेही जरा विचार करून. तिथे वजन जास्त आणि थांब्यावरून निघतानाचा जोर लगेच मिळतो, त्यामुळे चिरांनी भरलेले मऊ ठोकळे लवकर घासतात. त्याने भारांक आणि इंधनाचं अक्षर दोन्ही काटेकोर बघावं. आणि कोणीही दोनच टायर बारमाही करू नयेत. पुढे पकड असलेले आणि मागे उन्हाळी, अशी गाडी थंड ओल्या वळणावर मागून सुटते. चार म्हणजे चार, एकाच जातीचे.

बसवताना गडबडीत चुका होतात. टायर रिमवर चढण्याआधीच उत्पादनाचा कोड वाचा. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ३५२४ असेल तर २०२४ चा पस्तिसावा आठवडा. चारही टायर जवळपासच्या तारखांचे हवेत. रबरी व्हॉल्व्ह जुना ठेवू नका. नव्या टायरला नवा व्हॉल्व्ह. बाण चारही चाकांवर तपासा, गाडी खाली उतरवण्याआधी. बॅलन्सिंग हवंच. अलाइनमेंट मात्र जुन्या टायरची झीज बघून ठरवा. फक्त आतली कड खाल्लेली असेल तर अलाइनमेंट न करता नवे टायर घालणं म्हणजे तेही त्याच घाण्याला जुंपणं. दोन्ही कडा घासल्या असतील तर आजवर हवा कमी होती, मधला पट्टा घासला असेल तर जास्त. नट यंत्राने ठोकून आवळू देऊ नका. पुस्तकात दिलेला जोर, साध्या गाड्यांना बहुधा १०० ते १२० न्यूटन-मीटर, टॉर्क पान्याने ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे एकानंतर समोरचा असा, द्यायचा आणि ५० ते १०० किमी चालल्यावर पुन्हा तपासायचा. हवेचा इशारा देणारी यंत्रणा असेल तर ती नव्याने शिकवावी लागते. पहिले तीनशे किमी सबुरीने. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला लेप आणि रिमवर चढवताना लावलेलं वंगण, दोन्ही अजून पुरते गेलेले नसतात.

हवा थंड टायरमध्ये मोजायची हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ‘थंड’ म्हणजे किती, इथे घोळ होतो. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दीड ते पावणेदोन पीएसआय कमी होते. २० अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये ३३ भरून गाडी शून्य अंशात बाहेर काढली, की तासाभरात टायरमध्ये तीसच्या खालीच हवा असते. गळती कुठेही नाही आणि तरी कमी. आता तो तरंगण्याचा हिशेब आठवा. शरद ऋतूत पहिल्या थंडीच्या आठवड्यात, बाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या टायरमध्ये, सकाळी, एवढं केलं तरी पुष्कळ आहे.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात, आणि मागचे दातेरी होतात. प्रत्येक ठोकळ्याची एक कड उंच, दुसरी खाली, आणि मग गाडीतून बेअरिंग गेल्यासारखी घूं-घूं ऐकू येते. हात फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवत लागली तर बेअरिंगवर खर्च करू नका. दर ८ ते १० हजार किमीला पुढचे मागे, मागचे पुढे करायचे, दिशेच्या टायरचे त्याच बाजूला. दोनच नवे घ्यायची वेळ आली तर नवे मागच्या चाकांना, गाडी पुढची चाकं ओढणारी असली तरी. पुढचे टायर पाण्यात सुटले तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंगमधून कळतं, पाय उचलला की बहुधा सावरते. मागचे सुटले तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते.

पुलावरच्या त्या न दिसणाऱ्या काचेवर मात्र यातलं काही चालत नाही. शून्याच्या आसपास बर्फावर पाण्याचा थर असतो आणि तेव्हाच तो सर्वांत निसरडा असतो. तिथे खिळे ठोकलेल्या टायरखेरीज कुठलंच रबर भरवशाचं नाही. डोंगराची खूण पुलावर पाय उचलायची आठवण करून देत नाही.

खोली मोजायला साधा मापक पुरतो. चरात, आतून, मधून, बाहेरून, अशा तीन जागी. चराच्या तळाशी जी आडवी उंचवट्याची पट्टी असते ती १.६ मिमीची, तिच्यावर टेकवून मोजायचं नाही. आकडा गाडीच्या पुस्तकात, किलोमीटर लिहून, नोंदवून ठेवा. समजा नव्याला ८.२ होते आणि दहा हजार किमीनंतर ७.० भरले. म्हणजे तुमच्या गाडीचा, तुमच्या पायाचा दर दहा हजाराला १.२. ऑक्टोबरात ४.६ आहेत आणि वसंतापर्यंत सहा हजार किमी व्हायचे आहेत, तर ०.७ जातील, ३.९ उरतील. हे टायर हिवाळा काढतील आणि उन्हाळ्यात कोरड्या रस्त्यावर उरलेलं आयुष्य संपवतील. कमी उंचीचे ठोकळे तिथे कमी मुडपतात, त्यामुळे ब्रेकही नव्यापेक्षा बरा लागतो. ऑक्टोबरात ४.० भरले तर मात्र ते आत्ताच उतरवा. सगळे पहिल्या थंडीनंतरच टायर बदलायला धावतात, आणि तेव्हा तुमच्या मापात तुम्हाला हवा तो टायर शिल्लक नसतो.